सुंदराबाईचं अंगण वरून कसं दिसलं

सुंदराबाई बोलायला लागली की समोरच्यानं एक पाऊल मागं सरकावं, हा आमच्या गावचा रिवाज आहे. पातूरच्या रस्त्यालगतच्या या गावात तिच्या शिव्या न खाल्लेला माणूस सापडणार नाही. मी शेजारी, त्यामुळे मला रोजचाच प्रसाद. पण एवढ्या फाटक्या तोंडाच्या या बाईनं घरापुढचं अख्खं अंगण जन्मभर गावाला वापरू दिलं आणि शिक्षा झाली ती त्याचीच. आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

तिचा नवरा श्रावण कबड्डी खेळायचा. भीमजयंतीला अंगणात सामने भरवायला त्यानंच सुरुवात केली. तो गेला तेव्हा पोरांना वाटलं, आता संपलं. तर जयंतीच्या सकाळी सुंदराबाईच घमेलं घेऊन चुन्याची फक्की मारत होती.

"पाहून काय राह्यले बे? पानी मारा मैदानावर!"

तेव्हापासून मैदान आखायचं काम तिचं. चौकोन काढायचा, मधली रेघ ओढायची आणि सामना सुरू झाला की पंचाला शिव्या द्यायच्या.

एका वर्षी जयंती आटोपली आणि लगेच गावठाणाच्या मोजणीचं ड्रोन आलं. ज्यानं त्यानं आपल्या जागेच्या हद्दीवर फक्की मारून ठेवावी, म्हणजे वरून फोटोत दिसेल, असं मोजणीवाले सांगून गेले. गाव कामाला लागलं. सुंदराबाईनं अंगणात नजर टाकली, तर सामन्यांची फक्की अजून ताजी होती. "माह्या इथं त मारेलच हाय," असं म्हणून ती मजुरीला निघून गेली.

ड्रोनला खाली चौकोन दिसला, चौकोनाच्या मधोमध रेघ दिसली. कुठल्याशा ऑफिसात बसून ज्यानं तो फोटो नकाशावर चढवला, त्या शहाण्यानं सुंदराबाईचं घर ओट्यापाशी संपवलं आणि पुढं दोन भूखंड पाडले. मधली रेघ होती ना, म्हणून दोन! दोन्हींवर खेळाचे मैदान असं लिहून टाकलं आणि धारक म्हणून ग्रामपंचायत लावली. हरकती मागवल्या त्या ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सुंदराबाईकडं बटनाचा फोन. घराची मिळकत पत्रिका हातात पडली आणि मी ती वाचून दाखवली, तेव्हा तिला कळलं की स्वतःच्या दारात जायलाही आता ती सरकारी जागेवरून चालते.

सरपंच भगवंत तर टपूनच बसला होता. रस्त्यालगतची जागा, तिथं गाळे काढायचं त्याच्या मनात आलं. पुढं प्रकरण सुनावणीला गेलं तेव्हा पहिली बाजू त्यानंच मांडली. इथं वर्षानुवर्षं गावाचे सामने होतात, मी स्वतः याच मैदानावर खेळलो, असं त्यानं लेखी दिलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून तर या माणसाचा जास्त संताप येतो. त्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर सुंदराबाईनं हळद दाबली होती, तेवढं मात्र लिहायचं राहिलं.

अकोल्यात जठारपेठेत साधनाताई म्हणून वकील आहेत. मी सुंदराबाईला त्यांच्याकडं नेलं. हातात नोटीस न देता, म्हणणं ऐकून न घेता कुणाची जागा अशी काढून घेता येत नाही, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी अपील टाकलं. सुनावणी लागली.

सुनावणी घेणाऱ्या साहेबानं विचारलं, "आजी, अंगण तुमचं खाजगी, मग सामने गावाचे कसे?"

"माह्या मर्जीनं, साहेब."

"म्हणजे गावाचा हक्क आहे?"

"हक्क काहून राहीन? मर्जी हाय माही. उद्या नोको म्हटलं त नोको."

साहेबानं संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं. तिथं दोनच पर्याय होते, खाजगी आणि सार्वजनिक. मर्जी कुठं भरायची ते त्याला कळेना. साहेब मनानं चांगला होता, असं साधनाताई म्हणतात. म्हणोत बापड्या.

निकाल सुंदराबाईच्या बाजूनं लागला. अंगण तिच्या नावावर करायचं, पण तिनं प्रतिज्ञापत्र द्यायचं की यापुढं या जागेत सार्वजनिक खेळ वा कार्यक्रम होऊ देणार नाही. झाल्यास ग्रामपंचायतीचा दावा पुन्हा उघडता येईल. मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"जयंतीचे सामनेबी नाही?"

"नाही, मावशी."

तिनं सही केली. येताना गाडीत तिनं कुणाला एक शिवीही दिली नाही. मला तिची भीती वाटली ती तेवढीच एकदा.

यंदाच्या जयंतीला गावातला कबड्डी खेळणारा चंदन आणि त्याची टीम सकाळी तिच्या दारात आली. चंदन म्हणाला, "आजी, फक्की नाही मारत. पायानंच रेघा ओढतो. खेळ झाला का पुसून टाकू."

सुंदराबाईनं मान वर करून आभाळाकडं पाहिलं. "पायाची रेघबी वरून दिसते. निघा इथून."

"श्रावणआबानं सुरू केलेले सामने हायेत, आजी..."

"निघा म्हनलं ना!"

बुढीचं डोकं फिरलं, असं बडबडत पोरं गेली. मी भांडायच्याच तयारीनं तिच्याकडं गेलो. ती बोरीच्या काट्या ओढून आणून अंगणभर पसरत होती आणि रडत होती.

"मले माह्या घराचं अंगण पाहिजे होतं," ती म्हणाली. "म्हणून सही केली."

अंगण आता कागदोपत्री सगळं तिचं आहे, ओट्यापासून थेट रस्त्यापर्यंत. काट्यांमुळे तिथं कुणी पाय टाकत नाही. संध्याकाळी ती ओट्यावर बसलेली असते, आणि शिव्या द्यायलासुद्धा तिच्यासमोर कुणी नसतं.