सासूबाईंच्या कवळीचा रंग

आमचे शेजारी कवळ्या बनवतात. बावीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवूनही त्यांची विद्या एवढीच होती: पांढरं म्हणजे पांढरं. माणूस पन्नाशीचा असो की नव्वदीचा, दात एकाच रंगाचे. गिऱ्हाईक हसलं की समोरच्याने डोळे मिटून घ्यावेत.

मग त्यांनी मोठ्या हौसेने स्वतःच्या सासूबाईंची वरची कवळी केली. सासूबाईंनी ती लावली, आरशात पाहिलं, काढली आणि पेल्यात टाकली.

"जावईबापू, बाथरूमच्या फरश्या उरल्या होत्या का?"

त्या दिवसापासून त्या ताट घेऊन खोलीत जाऊ लागल्या. बोळकं तोंड चारचौघांत हलवायची लाज वाटे. टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी आणि लेकीची नजर नवऱ्यावर.

"आई इथे बसून जेवेल तेव्हाच तुमची हुशारी ऐकेन मी."

झालं, कलावंत कामाला लागले. आधी सासूबाईंच्या खालच्या, शिल्लक राहिलेल्या एकुलत्या दाताचा फोटो हवा. तो मिळवायला जांभईची वाट बघत अर्धा दिवस बसले. मग घरातल्या प्रत्येक पांढऱ्या वस्तूचा फोटो काढून त्याच्याशी ताडून पाहायचा सपाटा लावला. उशीचा अभ्रा, फ्रिजचं दार, अंड्याचं टरफल, साबण.

"माझा एक फोटो काढा म्हटलं की तुमचा हात दुखतो," बायको म्हणाली, "आणि साबणाचे सात?"

फोटो बघताना मात्र त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फ्रिज निळसर, अभ्रा राखाडी, साबण चक्क हिरवट. बावीस वर्षांनी तज्ज्ञांना शोध लागला, की दोन पांढरे सारखे नसतात. दाताशी तंतोतंत जुळलं ते पॅसेजमधल्या दिव्याचं बटण. कडेला पांढरं, मधे बोट लागून लागून पिवळसर.

आठ दिवसांनी नवी कवळी आली. सासूबाईंनी लावली, आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हा रंग कुठून आणलात?"

जावईबापूंनी घाबरत फोनमधला दिव्याच्या बटणाचा फोटो दाखवला.

"बटण होय? मग जुळणारच. तुम्ही दिवे लावून ठेवायचे आणि मी विझवत फिरायचं. माझ्याच बोटाचा रंग आहे तो."

असं म्हणून त्या ताट घेऊन टेबलाशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पहिला घास नीट चावून गिळल्यावर म्हणाल्या, "आतल्या खोलीतला पंखा कोणी चालू ठेवलाय?"

जावईबापू पंखा बंद करायला उठले.