बटुमीच्या घरातून आलेली हाक

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी हसलेय सुद्धा. म्हणूनच हे लिहायला दीड वर्ष लागलं…

आम्ही रत्नागिरीत कुवारबावला राहतो, मी आणि आई. माझं काम वेबसाइट डिझाइनचं, सगळं ऑनलाइन. वर्षातून एक-दोन महिने मी परदेशात फर्निश्ड घर भाड्याने घेते आणि तिथून काम करते. घर ठरवण्याआधी मालकाला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवायला लावते — टेबल-खुर्ची, वायफायचा स्पीड, रस्त्याचा आवाज. कॉल रेकॉर्डही करते, म्हणजे नंतर नीट तुलना करता येते.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते मालवाहू जहाजावर होते. मी सोळा वर्षांची असताना, हिंदी महासागरात, एका सकाळी ते जहाजावर सापडलेच नाहीत. कंपनीने एवढंच कळवलं. आई अजून मंगळसूत्र घालते.

त्या दिवशी दुपारचे साडेतीन वाजले होते. मी बाहेरच्या खोलीत अशाच एका कॉलवर होते, आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. घर जॉर्जिया देशातलं, बटुमी नावाच्या बंदरातलं. मालकीण नीनो मोबाइल घेऊन फिरत होती. बाल्कनीतून समुद्र दिसत होता, टेबलही चांगलं मोठं होतं. मी हो म्हणणारच होते. मग तिने आतल्या खोलीचं दार उघडलं. पलंग, कपाट, ओढलेले पडदे.

आणि लॅपटॉपमधून आवाज आला, "शालन, पाणी दे गो."

दमलेला, पण अगदी साधा आवाज. बाहेरून आले की बाबा असंच म्हणायचे. शालन म्हणजे माझी आई.

भास झाला असेल, असं मला वाटलं… पण आतून आई म्हणाली, "आणते हां." आणि खरंच तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. दाराकडे बघितलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठं गेले गो?"

नीनो अजून कपाटच दाखवत होती. खोलीत कोणी आहे का, मी विचारलं. तिने मोबाइल चारी बाजूंना फिरवला. कोणी नव्हतं. मी कॉल कट केला.

रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून चार-पाच वेळा ऐकलं. त्यात बाबांचा आवाज नाही. नीनो कपाटाबद्दल बोलतेय, आणि मध्येच आईचं "आणते हां" — स्पष्ट. भास म्हणावा, तर दोघींना एकाच क्षणी कसा?

माणूस दिसल्याशिवाय हाकेला ओ देऊ नये, हे मला लहानपणी आईनेच शिकवलेलं. आणि तिनेच ओ दिली होती. ते आठवलं आणि मी जास्त घाबरले.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, पासपोर्ट यायला किती दिवस लागतात? गणपतीपुळ्याला जायचं तरी जिला गाडी लागते, ती हे विचारत होती. कपाटातली तिची बॅगही बाहेर काढून पुसून ठेवलेली. मी खोटंच सांगितलं, की ते घर दुसऱ्या कोणीतरी घेतलं.

आई हळूच म्हणाली, "मग आता हे कुठं राहतील?"