पाच फुटी यंत्र

परवा गॅरेजमध्ये जळक्या क्लचचा वास आला आणि सत्तरच्या दशकातलं आमचं सांगोल्याचं रान आठवलं. ट्रॅक्टरमागं जोडायचं झुडपं छाटायचं यंत्र घेताना थोरला भाऊ म्हणाला होता, "चार फुटीच घिऊ. आपल्या लहान ट्रॅक्टरला पाच फुटी झेपायचं न्हाय."

"चुलत्यांचं पाच फुटी हाय. आपलं बारकं बघून हसतील की!" म्हणत मी पाच फुटीच आणलं.

नारळ फोडून दादानं ते चालवलं. बाभळीच्या झुडपांत इंजिन गुदमरलं, क्लच जळून धूर निघाला. बांधावर चुलते हसले.

"दादाला चालवायचंच कळत न्हाय," मी मोठ्यानं म्हणालो.

दादानं किल्ली माझ्या हातात ठेवली. नंतर चार फुटी आणलं, पण तो पुन्हा ट्रॅक्टरवर बसला नाही. आता दादा नाही, चुलतेही नाहीत. चूक माझी होती, हे ज्याला सांगावं, असं बांधावर कुणीच उरलेलं नाही.