खळीनं चिकटवलेलं पाकीट

मुलानं घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस टाकला, तरी दोन दिवस माझा जीव खालीवर होतोय.

साठ-बासष्टच्या सुमारास मी अकोल्याला शिकायचो. अमरावतीला आईला पाठवलेलं पोस्टकार्ड शेजारचे मास्तर पोस्टमनकडून घेऊन आधी वाचायचे, मग गल्लीभर सांगत सुटायचे. एकदा डोकंच फिरलं. पाकीट आणलं, आत लिहिलं, ‘मास्तरले काई सांगू नको, लय चोंबडा मानूस हाये,’ आणि कणकेच्या खळीनं चारी बाजू घट्ट चिकटवल्या.

सुट्टीत घरी गेलो, तर मास्तरांनी तोंड फिरवलं.

आई म्हणाली, “मले वाचता येते काय? त्यायच्याकूनच त वाचून घेतलं!”

परवा अनोळखी माणसाचा मेल आला. असले मेल उघडू नका, असं मुलानं बजावलं होतं. मीच उघडला.