घोडेगावातलं लेसरयुग

नेवासे तालुक्यातील समस्त दंतधारी जनतेस कळवण्यास अत्यंत आनंद होतो, की नव्वदच्या दशकातल्या एका बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, घोडेगावात लेसरयुग अवतरलं. साक्षीदार तीन. तिघांच्याही डोळ्यांवर काळे चष्मे.

खुर्चीत मंगल, वय सोळा. शेजारी तिचे वडील रंगनाथआबा, गुरांच्या बाजारातले दलाल. आणि स्विचवर बोट ठेवून उभा मी, गावातला एकमेव दातांचा डॉक्टर.

तासाभरापूर्वी मंगल गोऱ्ह्याला दावं लावत होती. त्यानं मान उडवली ती थेट तिच्या तोंडावर. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला आणि आत राजगिऱ्याच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसू लागला.

हा ठिपका म्हणजे दाताचा मगज. लोक त्याला नस म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या असतात, दात त्याच्यावर जगतो. तो उघडा पडला की जंतू शिरतात, दात मरतो, बहुतेकदा काळवंडतो. मग मगज काढून पोकळी भरायची, म्हणजे रूट कॅनाल. पण जखम ताजी आणि पेशंट कोवळं असेल, तर चुन्याच्या जातीचं एक औषध लावून झाकता येतं. नशीब असेल तर दात आतून स्वतःच नवा पापुद्रा धरतो.

नशिबाला हातभार म्हणून मी पुण्याहून लेसर आणला होता. हा लेसर कापत नाही, भाजत नाही. नुसता लाल उजेड. त्यानं जखम लवकर भरते म्हणे. हा ‘म्हणे’ माझ्या डेंटल कॉलेजातल्या सरांचा. यंत्र घेतल्याचं फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले होते, “नगरात टॉर्च मिळत नाहीत का रे?”

रंगनाथआबांनी जन्मभर बैलांचे जबडे उघडून वय सांगितलं होतं. चष्मा सावरत ते पोरीच्या तोंडात माझ्याआधी डोकावले.

“डॉक्टरसाहेब, पुढचा दात हाय. ह्यो वाचला पायजे.”

दोन मिनिटं उजेड दिला, औषध लावलं, वरून सिमेंट बसवलं. दात वाचला की नाही ते तीन महिन्यांनी कळेल, असं सांगून त्यांना पाठवलं. ते तीन महिने मी सरांना फोन केला नाही.

तीन महिन्यांनी बापलेक पुन्हा आले. तपासणीची रीत सोपी आहे. दातावर बर्फ टेकवायचा. जिवंत दात कळवळतो, मेलेला गप्प बसतो. म्हणजे आमच्या धंद्यात कळ येणं ही आनंदाची बातमी. नेमकं हेच बापलेकीला सांगायचं राहिलं. यंत्र कितीही भारी घ्या, साधं बोलणं राहून गेलं की सगळं मुसळ केरात. शेजारच्या चांगल्या दातावर आधी बर्फ लावून बघायचा असतो, तेही मी उत्साहात विसरलो.

“थंड लागलं?”

“न्हाई.”

“थोडंसं तरी?”

“न्हाई.”

पुन्हा लावला. मंगलनं खुर्चीचे हात घट्ट धरले. पुन्हा न्हाई. आबा पोरीकडे असे बघत होते, जणू तिनं कुस्ती मारली. मी खचलो. म्हटलं, आबा, दात मेला. आतलं काढावं लागेल. आबांचा चेहरा उतरला. मी ड्रिल सुरू केलं.

ती घरघर ऐकून मंगलनं माझं मनगटच पकडलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तो दात पुढे कधी काळा पडला नाही. श्रेय लेसरचं, औषधाचं की सोळा वर्षांच्या रक्ताचं, हे मी आजही शपथेवर सांगणार नाही. पण माझ्या जिवात जीव आला तो त्या पोरीच्या बोलण्यानं. बापाकडे न बघता ती एका दमात म्हणाली,

“थांबा, बर्फानं लई कळ आली, पार मस्तकात गेली! पन आबा म्हनले, गिऱ्हाइकाम्होरं खोड सांगायची नसती!”