बीरगंजचा पाव तास

बहरीनमध्ये उम्म अल हस्सममधल्या त्या चार मजली बिल्डिंगचा वॉचमन जोखन साह. पण नेपाळचा म्हटल्यावर सगळ्यांनी त्याचं 'बहादूर' करून टाकलं होतं. "बहादूऽऽर, पानी नहीं आया!" असा सुनीतावहिनींचा दुसऱ्या मजल्यावरून वरचा सा. "बहादूर, यल्ला, सय्यारा हटाव!" असा आडव्या लावलेल्या गाडीकडे बोट दाखवत घरमालकाचा खर्ज. जोखनचं दोघांना एकाच चालीत उत्तर, "अभी हो जाता, इंशाल्ला." गडी आयुष्यात कधी डोंगर चढला नव्हता. तो सपाटीवरच्या बीरगंजचा. तिथून टांग्यात बसलं की अर्ध्या तासात हिंदुस्थानातलं रक्सौल. पण हे समजावणार किती जणांना?

समजावलं फक्त इक्बालभाईंना. ते मूळचे हर्णैचे, तळमजल्यावर दूध-अंड्यांचं कोल्ड स्टोअर सांभाळायचे. जोखनशी ते सरळ गावच्या बोलीत बोलत, आणि सहा वर्षांत त्याला ती कळू लागली होती.

"काय रं बहादूर, तुज्या बीरगंजात हाय तरी काय?"

"क्या नहीं है, भाई! घंटाघर आहे, काठमांडूची बस आहे, डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. तुमच्या बिहारमधून गाड्या भरभरून लोक येतात ऑपरेशनला."

"माज्या बिहारमधून? अरं, म्या हर्णैचा! बिहार नकाशात बी धड बगलेला नाय."

"मी तरी कुठे बहादूर आहे, भाई?"

इक्बालभाई खो खो हसले, आणि त्या दिवसापासून त्याला जोखन म्हणू लागले.

त्याच हॉस्पिटलात त्याच्या आईच्या मोतीबिंदूचा नंबर लागला. शुक्रवारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नंबर पुढच्याला आणि मग थंडीपर्यंत वाट बघा. एक डोळा गेलेलाच, दुसऱ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. आणि म्हातारी हटून बसलेली, "जोखन स्वतः सांगेल तर जाईन. सुनेच्या सांगण्यावरून मी डोळ्याला सुरी लावून घ्यायची नाही." एरवी मायलेकांचं पत्रांवर भागायचं. आता पत्रानंच ठरलं की शुक्रवारी अकराला बायको, फुलमती, आईला घेऊन घंटाघराजवळ सेठजींच्या औषधांच्या दुकानात येईल. तिथे फोन होता. सहा वर्षांतला पहिला फोन.

शुक्रवारी इक्बालभाईंनी दुकानातला फोन पुढे सरकवला. "अडीच तासांचा फरक. साडेआठाला लाव." बिल्डिंगमधले सगळेच अडीच तास धरायचे. जोखन साडेआठपर्यंत निवांत जिना पुसत राहिला.

"अब फोन करते हो?" पलीकडून सेठजी करवादले. "पाव तास बसल्या बिचाऱ्या. आत्ता बसकडे गेल्या. म्हातारी म्हणाली, पोराला आठवण नाही, मग डोळे हवेत कशाला?"

जोखनने कपाळावर हात मारला. नेपाळचं घड्याळ हिंदुस्थानच्या पाव तास पुढे! बीरगंजचं शेंबडं पोरही हे झोपेत सांगेल. सहा वर्षं हिंदुस्थान्यांत राहून तो आपलंच घड्याळ विसरला होता.

"सेठजी, थांबवा तिला!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज. मग सेठजींची आरोळी, "ए पानवाले, जोखनवा के माई के रोकऽ हो!" पानवाल्याने तीच नाकातून मिठाईवाल्याला दिली, मिठाईवाल्याने चिरक्या आवाजात बसच्या कंडक्टरला. आरोळी लांब लांब जात विरून गेली. इकडे दोघे एकाच रिसीव्हरला कान लावून श्वास रोखून उभे.

शेवटी चपलांची फरफट आणि आईचा आवाज, "के ह?"

"अम्मा, मी! यल्ला, लवकर जा हॉस्पिटलला. मुश्किल मफी, पाच मिनिटांत खलास!"

घाईत त्याच्या तोंडून इथली अरबी सुटली होती. म्हातारी फुलमतीला म्हणाली, "ई हमार जोखन ना ह. हा कुणी शेख आहे. फसवतेस होय मला?"

"अम्मा, मीच गं!"

"ठेवा फोन, शेखसाहेब."

इक्बालभाईंना हसू आवरेना, जोखनच्या डोळ्यांत मात्र पाणी. तिकडे साडेअकरा झालेले. इथे येण्याआधी चार वर्षं त्याने घंटाघरापासून टांगा हाकला होता. त्याने डोळे मिटले, एका कानावर हात धरला आणि बेंबीच्या देठापासून सूर लावला.

"ए रक्सौऽऽल! रक्सौल, रक्सौल, एक सवाऽऽरी! बइठीं माई! घोडा म्हातारा नाही, नुसता रोडावलाय!"

अंडी घ्यायला आलेला बहरीनी म्हातारा दारातच थबकला.

पलीकडे आई हसली. खोकला येईपर्यंत हसली. "मेला तो घोडा, जोखना. चार वर्षं झाली."

"कळवलं नाहीस?"

"परदेशात एकटाच रडत बसला असतास." ती जरा थांबली. "सुरी लावतात, ती दुखते का रे?"

"मला काय ठाऊक, अम्मा. दुखत असेल. तरी जा."

रिसीव्हर कुठेतरी टेकवल्याचा आवाज, लोकांचा गलका, घुंगरांची छुमछुम.

"अम्मा? अम्मा!"

"अहो, आई 'हॉस्पिटल' म्हणत टांग्यात बसल्या पण!" फुलमती धापा टाकत होती. "आणि टांगा सुटला! मी इथेच राहिले. ठेवते!"