मुजीबनं नको म्हटलेला प्रोसेसर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आज तुम्हाला का सांगतोय? थकलोय — एवढंच.

मेडिकलच्या क्लाससाठी मी उदगीरहून लातूरला आलो. वडिलांचं, आप्पांचं, उदगीरच्या मोंढ्यात भुसार दुकान. भूकंपानंतर एका काकूंनी अंगणात पत्र्याची खोली बांधली होती. तिथं मी आणि औशाचा मुजीब भाड्यानं राहायचो. त्याचे अब्बा शिंपी. मुजीबला कॉम्प्युटरमधलं बरंच कळायचं. पण खेळायचं वेड मला होतं — त्याला नाही.

ऑनलाइन टेस्टला कॉम्प्युटर लागतो, असं मी आप्पांना पटवलं. कॉम्प्युटरच्या दुकानात मुजीब सोबत आला. मी सगळ्यात तगड्या प्रोसेसरवर बोट ठेवलं. "टेस्टला साधा बास हाय की," तो म्हणाला. "ह्यो गेमवाल्यांचा. पत्र्याखाली लई तापंल. आन् तू मग पुस्तक उघडणार न्हाईस." मी हसलो. तोच घेतला, वर ग्राफिक कार्डही.

पुस्तक खरंच मिटलं. एका दुपारी मी क्लास बुडवून खेळत होतो, कानाला हेडफोन. आप्पा डबा घेऊन आले होते. किती वेळ मागं उभे होते, कुणास ठाऊक.

"हे काय करायलास?"

"मुजीबनं घ्यायला लावला," मी म्हणालो. "तोच खेळतो. मलाबी बसवतो."

मुजीब तेव्हा क्लासात होता.

खोटं भीतीनं निघालं असेल. पण नाव? नाव मी निवडलं. दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं, तर आप्पांनी चार प्रश्न विचारले असते. मुजीबचं घेतल्यावर विचारणार नाहीत — हे मला माहीत होतं. बोलण्याआधी माहीत होतं. आणि त्यांनी नाहीच विचारले.

ते काकूंशी बोलले. संध्याकाळी मुजीब वळकटी बांधत होता. "तू सांगितलास?" त्यानं विचारलं. "आप्पांचा गैरसमज झालाय," मी म्हणालो. त्यानं मान हलवली.

मग तो औशाहून एसटीनं यायचा. सकाळची बॅच चुकायची. दिवाळीनंतर तो यायचाच थांबला. मी एक वर्ष घालवलं, दुसऱ्यांदा परीक्षा दिली, डॉक्टर झालो. "त्या पोराच्या नादातनं सोडवलं म्हणून निभावलं," आप्पा पाहुण्यांना सांगायचे, अगदी शेवटपर्यंत. मी शेजारी बसून चहा प्यायचो.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडला माझ्या दवाखान्यात मुजीब आला. आईला दाखवायला. आता तो वडिलांच्या दुकानात बसतो. केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेत.

"अम्मी, ये मेरा रूममेट," तो म्हणाला. "भोत हुशार था."

त्याला कळलं होतं का तेव्हा? मी विचारलं नाही. बीपी बघितलं, गोळ्या लिहून दिल्या. उठताना त्याच्या अम्मीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी ठेवू दिला.